स्पेस ऑपेरा (विज्ञानकादंबरी)

स्पेस ऑपेरा हा विज्ञानसाहित्याचा एक उपप्रकार आहे. ज्या कादंबऱ्यांचे कथानक अनेक ग्रहांवर, बहुधा अनेक ताऱ्यांच्या परिसरात घडते, ज्यांत अवकाशयानांतून होणारा दूरचा प्रवास, युद्ध, राजकारण आणि साहस यांना मध्यवर्ती स्थान असते आणि ज्यांत मोजक्या व्यक्तींच्या कृतींवर संपूर्ण लोकसमूहांचे भवितव्य अवलंबून असते, अशा कादंबऱ्यांना सामान्यतः ही संज्ञा लावली जाते. हा प्रकार अमेरिकेतील स्वस्त मासिकांतून १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. प्रारंभी ही संज्ञा निंदाव्यंजक होती. १९७० च्या दशकापासून ती वर्णनपर आणि पुढे गौरवपर अर्थानेही वापरली जाऊ लागली.

विज्ञानसाहित्यातील या प्रकाराच्या स्थानाविषयी दोन आक्षेप सातत्याने घेतले गेले आहेत. त्यात विज्ञान नाममात्र असते, हा पहिला. आणि त्याची कल्पनासृष्टी साम्राज्यवादी असते, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. या प्रकाराचा नंतरचा इतिहास हा बऱ्याच अंशी लेखकांनी कादंबऱ्यांतूनच त्यांना दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

संज्ञेचा उगम

ही संज्ञा अमेरिकन लेखक विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये 'ल झॉम्बी' या, विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी ते स्वतः काढत असलेल्या छोट्या नियतकालिकात प्रथम वापरली. त्या काळी अमेरिकन नभोवाणीवर दिवसा लागणाऱ्या आणि साबणाच्या कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या भावविवश कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणत. ठरीव साच्याच्या काउबॉयपटांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणत. त्याच चालीवर अवकाशयानांच्या घिस्यापिट्या कथांसाठी टकर यांनी 'स्पेस ऑपेरा' हा शब्द सुचवला. सर्वच अवकाशकथांना नव्हे, तर त्यांतील निकृष्ट कथांना उद्देशून तो होता, हे पुष्कळदा विसरले जाते.

मराठीत 'ऑपेरा' या शब्दाचा संगीतिका हा अर्थ परिचित असल्यामुळे 'अवकाश-संगीतिका' असे भाषांतर करण्याचा मोह होतो. परंतु ते दिशाभूल करणारे आहे. या प्रकाराचा गाण्याशी संबंध नाही. अपवाद नावापुरतेच म्हणावे लागतील: जॅक व्हान्स यांच्या १९६५ च्या 'स्पेस ऑपेरा' या विनोदी कादंबरीत एक खरीखुरी ऑपेरा-मंडळी ग्रहोग्रही दौरा करते आणि कॅथरिन व्हॅलेंटे यांच्या त्याच नावाच्या २०१८ च्या कादंबरीत मानवजातीचे अस्तित्व एका आंतरतारकीय गायनस्पर्धेवर अवलंबून असते.

संज्ञेला विरोधकांनीच धार दिली. एच. एल. गोल्ड यांच्या संपादकत्वाखाली ऑक्टोबर १९५० मध्ये निघालेल्या 'गॅलक्सी' मासिकाच्या पहिल्या अंकाच्या मलपृष्ठावर दोन उतारे शेजारी शेजारी छापले होते. एकात घोड्यावरून आलेला पिस्तूलधारी नायक, दुसऱ्यात यानातून आलेला तसाच नायक. बाकी मजकूर जवळपास शब्दशः तोच. असली कथा आमच्या मासिकात आढळणार नाही, अशी ग्वाही त्याखाली होती. घोड्याच्या जागी यान घातल्याने विज्ञानकथा होत नाही, हा त्यातील मुद्दा आजही या प्रकाराची कसोटी म्हणून वापरला जातो: कथेतील अवकाश काढून घेतले तर कथा उरते का? उरत असेल, तर ते अवकाश केवळ पडदा आहे.

प्रारंभीचा काळ

ताऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या कथा त्याआधीही लिहिल्या गेल्या होत्या. गॅरेट सर्व्हिस यांची 'एडिसन्स कॉन्क्वेस्ट ऑफ मार्स' ही १८९८ मध्ये एका वृत्तपत्रातून क्रमशः आली. तीत थॉमस एडिसन स्वतः यानांचा ताफा घेऊन मंगळावर स्वारी करतो. इंग्लंडमध्ये १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट कोल यांच्या 'द स्ट्रगल फॉर एम्पायर' या कादंबरीत ब्रिटिश साम्राज्य सूर्यमालेबाहेर विस्तारलेले दिसते. तथापि या सुट्या कृती होत्या. परंपरा निर्माण झाली ती ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये सुरू केलेल्या 'अमेझिंग स्टोरीज' आणि तत्सम मासिकांमुळे. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या या 'पल्प' मासिकांत लेखकाला शब्दागणिक मोबदला मिळे. त्यामुळे कथा लांबत, क्रमशः चालत आणि प्रत्येक हप्ता संकटाच्या टोकावर थांबत असे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर १९२८ या तीन अंकांत एडवर्ड एल्मर स्मिथ यांची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला असे मानले जाते. स्मिथ (१८९०–१९६५) हे व्यवसायाने अन्नरसायनतज्ज्ञ होते. डोनटच्या तयार पिठांच्या मिश्रणावर काम करणारा हा गृहस्थ रात्री ताऱ्यांच्या लढाया लिहीत असे. कादंबरीचा आरंभ त्यांनी १९१५ मध्येच केला होता. तीतील प्रेमप्रसंग आपल्याला जमणार नाहीत, या प्रामाणिक शंकेपोटी त्यांनी ली हॉकिन्स गार्बी या परिचित महिलेचे साहाय्य घेतले आणि मासिकात तिचे नाव सहलेखिका म्हणून छापले गेले. त्याच वर्षी 'विअर्ड टेल्स' मासिकात एडमंड हॅमिल्टन यांची 'क्रॅशिंग सन्स' ही कथा आली. हॅमिल्टन यांच्या कथांत इतके ग्रह नष्ट होत, की त्यांना 'जगबुडवे' अशा अर्थाचे टोपणनावच पडले होते.

१९२८ हे साल केवळ योगायोग नव्हे. आपली आकाशगंगा हेच संपूर्ण विश्व आहे की तिच्याबाहेर तशाच अनेक दीर्घिका आहेत, हा वाद १९२० मध्ये अनिर्णित होता. एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिकेतील एका चंचल ताऱ्याच्या आधारे तिचे अंतर मोजले आणि १९२५ च्या आरंभी ते जाहीर झाले, तेव्हा हा वाद मिटला. अवघ्या काही वर्षांत माणसाचे विश्व कल्पनेपलीकडे मोठे झाले होते. पल्प मासिकांतील लेखक शैलीत कच्चे होते, पात्रचित्रणात त्याहून कच्चे होते. परंतु या नव्या विस्ताराची जाणीव कथेत आणण्याचे काम त्या वेळच्या प्रतिष्ठित साहित्याने केले नाही, ते त्यांनी केले.

स्मिथ यांची 'लेन्समन' मालिका ही या पहिल्या पिढीची सर्वांत महत्त्वाकांक्षी निर्मिती होय. 'गॅलॅक्टिक पेट्रोल' (१९३७–३८) पासून 'चिल्ड्रन ऑफ द लेन्स' (१९४७–४८) पर्यंतचे तिचे मुख्य भाग 'अस्टाउंडिंग' मासिकात क्रमशः आले. अरिशिया आणि एडोर या दोन अतिप्राचीन वंशांमधील अब्जावधी वर्षांचा संघर्ष हे तिचे सूत्र आहे. मनगटावरील 'लेन्स' हे धारकाच्या जीवशक्तीशी जुळवलेले, बनावट करता न येणारे ओळखचिन्ह असून ते त्याला परचित्तज्ञानाची शक्ती देते. प्रत्येक खंडात आधीच्या खंडातील सर्वोच्च शत्रू हा त्याहून मोठ्या शत्रूचा केवळ हस्तक होता, असे उघड होत जाते. शस्त्रेही त्याच प्रमाणात वाढतात. जडत्व नाहीसे करून आख्खे ग्रह शत्रूच्या ग्रहावर दोन्ही बाजूंनी आदळवले जातात. पुराणांतील अस्त्रयुद्धांवर पोसलेल्या वाचकाला हे वाचताना फारसे अनोळखी वाटत नाही.

परंतु याच कादंबऱ्यांत या प्रकाराचा काळा भागही आहे. 'स्कायलार्क' च्या शेवटी नायक सीटन एका परग्रहावरील दोन राष्ट्रांपैकी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याचा समूळ संहार घडवतो. 'स्कायलार्क थ्री' (१९३०) मध्ये फेनाक्रोन हा संपूर्ण वंश नष्ट केला जातो. कथनात याबद्दल खंत जवळपास नाही. 'लेन्समन' मधील नायक-नायिका ही पिढ्यान्पिढ्या नियंत्रित केलेल्या वंशसुधारणेची फलिते आहेत, आणि ही कल्पना छापली जात असतानाच युरोपात तिचे प्रत्यक्ष रूप दिसत होते. स्मिथ यांच्यावर नाझी विचारांचा आरोप करणे अन्यायाचे होईल. त्यांचे खलनायक हुकूमशहाच आहेत. मात्र शत्रू जर जन्मतःच शत्रू असेल तर त्याच्याशी बोलण्याची गरज उरत नाही, ही सोय त्यांच्या कथारचनेतच होती.

कॅम्बेल, असिमोव्ह आणि साम्राज्याचे वेळापत्रक

जॉन कॅम्बेल हे स्वतः या धाटणीच्या कथा लिहीत. १९३७ च्या अखेरीस ते 'अस्टाउंडिंग' चे संपादक झाले आणि त्यांनी लेखकांकडून विज्ञानाची अधिक शिस्त मागण्यास सुरुवात केली. त्यांच्याच मासिकात मे १९४२ पासून आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' कथा येऊ लागल्या. १९५१ ते १९५३ या काळात त्या तीन पुस्तकांच्या रूपाने संकलित झाल्या. एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासावरून सुचलेल्या या कथांत युद्धे बहुतेक पडद्याआड होतात. दीर्घिकाव्यापी साम्राज्य कोसळणार हे हॅरी सेल्डन हा गणिती आधीच सिद्ध करतो, आणि प्रश्न उरतो तो अराजकाचा काळ तीस हजार वर्षांवरून एक हजार वर्षांवर कसा आणावा हा. खोलीत बसून बोलणारी माणसे हे या मालिकेचे मुख्य दृश्य आहे. तरीही तिला स्पेस ऑपेरापासून वेगळे काढता येत नाही, कारण साम्राज्याचे आकारमान हाच तिचा विषय आहे: इतक्या अंतरावर राज्य चालू शकते का?

१९६६ मध्ये सार्वकालिक सर्वोत्तम मालिकेसाठी दिलेला ह्यूगो पुरस्कार 'फाउंडेशन' ला मिळाला. स्पर्धेत 'लेन्समन' मालिका होती, तसेच टॉल्किन यांचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही होते.

'फाउंडेशन' कथांच्या दीर्घिकेत परग्रहवासी नाहीत. मानव हाच सर्वश्रेष्ठ ठरला पाहिजे, या कॅम्बेल यांच्या आग्रहाशी वाद नको म्हणून आपण परग्रहवासीच वगळले, असे असिमोव्ह यांनी पुढे सांगितले आहे. संपादकाच्या मताने एखाद्या साहित्यप्रकाराची सृष्टीच रिकामी व्हावी, याचे हे बोलके उदाहरण होय.

प्रकाशवेगाची अडचण

'विज्ञान नाममात्र' या आक्षेपाचे मूळ एका संख्येत आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे आणि विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तानुसार कोणतीही वस्तू तो ओलांडू शकत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. आकाशगंगेचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे मानला जातो. एका टोकाहून पाठवलेली आज्ञा दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास लाख वर्षे लागणार असतील, तर साम्राज्य, आरमार, राजदूत यांपैकी काहीच संभवत नाही. म्हणजेच या प्रकाराला ज्या गोष्टी हव्यात त्या सर्व भौतिकशास्त्राने निषिद्ध केल्या आहेत.

स्मिथ यांनी ही अडचण एका वाक्यात निकालात काढली: आइनस्टाइनचा सिद्धान्त हा शेवटी सिद्धान्तच, प्रवाशांनी मोजलेले अंतर हे प्रत्यक्ष. पुढील लेखकांनी अतिअवकाश, कृमिविवरे, तत्काळ संदेश देणारी यंत्रे अशा युक्त्या योजल्या. उर्सुला ल ग्विन यांनी 'रोकॅनन्स वर्ल्ड' (१९६६) मध्ये आणलेले 'अँसिबल' हे संदेशयंत्र इतके सोयीचे ठरले, की इतर अनेक लेखकांनी ते नावासकट उचलले. ल ग्विन यांच्या कादंबऱ्यांत माणसे मात्र प्रकाशवेगाच्या मर्यादेतच प्रवास करतात. संदेश क्षणात पोहोचतो आणि दूत पोहोचेपर्यंत त्याच्या घरची पिढी संपलेली असते.

या युक्त्यांचे खरे महत्त्व वैज्ञानिक नसून कथात्म आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) मध्ये ताऱ्यांमधील सुरक्षित प्रवास एका वाळवंटी ग्रहावरच मिळणाऱ्या मसाल्यावर अवलंबून आहे. म्हणून त्या ग्रहाचा ताबा म्हणजे साम्राज्याचा ताबा. प्रवासाचा नियम बदलला की राजकारण बदलते. गणित आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या व्हर्नर व्हिंजी यांनी 'अ फायर अपॉन द डीप' (१९९२) मध्ये दीर्घिकेचेच पट्टे पाडले. केंद्राजवळ बुद्धी आणि वेग मर्यादित, बाहेरच्या पट्ट्यांत दोन्ही मुक्त, आणि पृथ्वी अर्थातच संथ पट्ट्यात. अॅलस्टर रेनल्ड्स हे युरोपीय अवकाश संस्थेत काम केलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी 'रेव्हेलेशन स्पेस' (२०००) मध्ये उलट मार्ग स्वीकारून प्रकाशवेग ओलांडलाच नाही. त्यांची याने दशकानुदशके प्रवास करतात, प्रवासी शीतनिद्रेत असतात, आणि पोहोचल्यावर ज्या नगरात जायचे ते नगरच ओळखू येईनासे झालेले असते. निषेध पाळूनही स्पेस ऑपेरा लिहिता येतो, हे या कादंबरीने दाखवून दिले, आणि हा या प्रकारातील एक निर्णायक टप्पा मानावा लागेल.

उपेक्षा आणि पुनरुज्जीवन

१९५० आणि १९६० च्या दशकांत प्रतिष्ठित विज्ञानसाहित्य या प्रकारापासून दूर गेले. मायकेल मूरकॉक यांनी १९६४ पासून संपादित केलेल्या 'न्यू वर्ल्ड्स' या ब्रिटिश मासिकाभोवती जमलेल्या 'नवप्रवाही' लेखकांना बाह्य अवकाशापेक्षा मनाचे अवकाश महत्त्वाचे वाटे. हॅरी हॅरिसन यांच्या 'बिल, द गॅलॅक्टिक हिरो' (१९६५) ने या साच्याची यथेच्छ टिंगल केली. मात्र याच काळात सॅम्युअल डिलेनी यांची 'नोव्हा' (१९६८) आली. फुटणाऱ्या ताऱ्याच्या गर्भातून दुर्मीळ मूलद्रव्य आणू निघालेल्या तिच्या नायकाचा पिता नॉर्वेजियन, तर माता सेनेगाली वंशाची आहे. कॅम्बेल यांनी ही कादंबरी आपल्या मासिकासाठी नाकारली. कृष्णवर्णीय नायकाशी वाचक समरस होणार नाहीत, असे कारण आपल्याला कळवण्यात आले, असे डिलेनी यांनी पुढे लिहिले आहे. लाखो प्रकाशवर्षे ओलांडू शकणाऱ्या वाचकाला वर्णाची सीमा ओलांडता येणार नाही, ही समजूत त्या काळच्या या क्षेत्राविषयी बरेच सांगून जाते.

१९७४ मध्ये ब्रायन ऑल्डिस यांनी 'स्पेस ऑपेरा' याच नावाचा कथासंग्रह संपादित केला आणि जुन्या कथांकडे कौतुकाने पाहण्याची वाट मोकळी केली. मे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपट आला. त्याआधी काही महिने त्याची कादंबरी बाजारात आली होती. तिच्यावर जॉर्ज लुकस यांचे नाव असले तरी ती अॅलन डीन फॉस्टर यांनी लिहिली होती. जुन्या पल्प परंपरेचा थेट धागाही या चित्रपटमालेत आहे. तिच्या दुसऱ्या भागाच्या पटकथेचा पहिला खर्डा लिहिणाऱ्या ली ब्रॅकेट या १९४० च्या दशकापासून ग्रहसाहसांच्या कथा लिहीत होत्या. एडमंड हॅमिल्टन हे त्यांचे पती. खर्डा दिल्यानंतर थोड्याच काळात, १९७८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

चित्रपटाने वाचक आणले. कादंबरीचे पुनरुज्जीवन मात्र वेगळ्या दिशेने झाले. सी. जे. चेरी या ओक्लाहोमातील शाळेत लॅटिन शिकवीत असत. त्यांच्या 'डाउनबिलो स्टेशन' (१९८१) मध्ये दोन सत्तांच्या युद्धात सापडलेल्या एका अवकाशस्थानकावर निर्वासितांचे लोंढे येतात. हवा, पाणी, जागा आणि ओळखपत्रे यांची टंचाई हा या कादंबरीचा गाभा आहे; वीर नायक असा कोणी नाहीच. तिला १९८२ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. लोइस मॅकमास्टर ब्यूजोल्ड यांनी १९८६ पासून लिहिलेल्या व्होर्कोसिगन मालिकेचा नायक माइल्स हा जन्मापूर्वीच्या विषबाधेमुळे ठेंगणा आणि ठिसूळ हाडांचा आहे, आणि तो ज्या लढाऊ सरदारकुळात जन्मतो तेथे शारीरिक व्यंगाला कलंक मानतात. स्मिथ यांच्या निवडून पैदास केलेल्या महामानवांना याहून नेमके उत्तर दुसरे नाही.

स्कॉटिश लेखक इयन बँक्स यांच्या 'कन्सिडर फ्लीबस' (१९८७) या कादंबरीपासून 'कल्चर' मालिका सुरू झाली. कल्चर ही पैसा आणि टंचाई नसलेली, प्रगल्भ यंत्रबुद्धींनी चालवलेली संस्कृती. पहिल्याच कादंबरीचा नायक मात्र तिच्या विरुद्ध बाजूने लढतो आणि ज्या मोहिमेसाठी तो सर्वस्व पणाला लावतो तिचा युद्धावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. परिशिष्टात इतिहासग्रंथाच्या थंडपणाने युद्धाचा ताळेबंद दिला आहे: ८५१ अब्जांहून अधिक बळी, आणि तरीही दीर्घिकेच्या मानाने किरकोळ आणि अल्पकालीन युद्ध. जुन्या स्पेस ऑपेरातील प्रचंड आकडे वाचकाला थरारून सोडण्यासाठी असत. येथे तेच आकडे त्याला शरमिंदा करतात. विस्ताराचा असा उपयोग आधी क्वचितच कोणी केला होता.

डेव्हिड हार्टवेल आणि कॅथरिन क्रेमर यांनी २००६ मध्ये 'द स्पेस ऑपेरा रिनेसान्स' हा बृहत्संग्रह प्रसिद्ध केला, तोवर ही संज्ञा लेखक स्वतःहून मिरवू लागले होते.

साम्राज्याचा प्रश्न

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आरमार, वसाहती, दूरचे सुभेदार, 'मागास' ग्रह, सीमेवरील बंडखोर हे सर्व साहित्य युरोपीय वसाहतवादाच्या नकाशावरून उचललेले आहे. पहिल्या पिढीतील लेखकांनी ते न तपासता घेतले. तपासणी प्रामुख्याने एकविसाव्या शतकात झाली.

डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे 'जेम्स एस. ए. कोरी' या संयुक्त टोपणनावाने लिहितात. त्यांच्या 'लेव्हायथन वेक्स' (२०११) पासून 'लेव्हायथन फॉल्स' (२०२१) पर्यंतच्या नऊ कादंबऱ्यांच्या 'एक्सपान्स' मालिकेत संघर्ष प्रथम सूर्यमालेतच आहे. पृथ्वी आणि मंगळ या सत्ता. लघुग्रहांच्या पट्ट्यात खनिज आणि बर्फ काढणारे मजूर ही त्यांची प्रजा. कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्याने या मजुरांची शरीरे उंच आणि बारीक झाली आहेत, भाषा मिश्र झाली आहे, आणि ती पृथ्वीवर येऊन राहू शकत नाहीत. शोषण येथे हाडांत उतरलेले आहे. 'गॅलक्सी' च्या जुन्या कसोटीला ही मालिका उतरते: अवकाश काढून घेतले तर ही माणसेच उरत नाहीत.

अॅन लेकी यांच्या 'अॅन्सिलरी जस्टिस' (२०१३) ला ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क हे तिन्ही पुरस्कार मिळाले. तिची निवेदक ही एकेकाळी एक युद्धनौका होती. जिंकलेल्या ग्रहांवरील कैद्यांची मने पुसून त्यांची शरीरे नौकेच्या बुद्धीचे अवयव म्हणून वापरली जात. त्यांपैकी एकच शरीर उरले आहे आणि तेच कथा सांगते. पराभूतांचे काय होते, हा स्मिथ यांनी कधी न विचारलेला प्रश्न येथे निवेदनाच्या केंद्रस्थानी आहे. बायझंटाइन इतिहासाच्या अभ्यासक असलेल्या आर्केडी मार्टिन यांच्या 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (२०१९; ह्यूगो पुरस्कार २०२०) मध्ये एका लहानशा अवकाशस्थानकाची तरुण राजदूत बलाढ्य साम्राज्याच्या राजधानीत येते. ते साम्राज्य तिच्या स्थानकाला गिळू पाहत आहे, आणि तिला त्याच साम्राज्याची कविता लहानपणापासून पाठ आहे. ज्या समाजांनी राज्यकर्त्यांची भाषा शिकून तिच्यावर प्रेमही केले, त्यांच्या वाचकांना हा पेच समजावून सांगावा लागत नाही.

साम्राज्य हा या प्रकाराचा अपरिहार्य घटक नाही, याचे उदाहरण खूप आधी रशियन भाषेत घडले होते. इव्हान येफ्रेमोव्ह यांच्या 'अँड्रोमेडा नेब्युला' (१९५७) मध्ये दूरदूरच्या संस्कृती रेडिओसंदेशांच्या एका महावलयाने जोडलेल्या आहेत. त्या एकमेकींना जिंकत नाहीत, ज्ञान देतात. कादंबरी म्हणून ती काहीशी बोधप्रधान आहे, हेही खरे.

अन्य भाषांत

जर्मनीत ८ सप्टेंबर १९६१ रोजी सुरू झालेली 'पेरी ऱ्होडान' ही साप्ताहिक पुस्तिकामाला अखंड चालू असून २०१९ मध्ये तिचा ३,००० वा अंक निघाला. जपानमध्ये योशिकी तनाका यांनी १९८२ ते १९८७ या काळात दहा खंडांत लिहिलेल्या 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' मध्ये कार्यक्षम हुकूमशाही आणि भ्रष्ट लोकशाही यांतील निवड हा विषय दोन सेनापतींच्या संघर्षातून मांडला आहे. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या 'थ्री-बॉडी' त्रयीला स्पेस ऑपेरा म्हणावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. पहिला खंड जवळपास पूर्णपणे पृथ्वीवर घडतो. तिसरा (२०१०) मात्र काळ आणि अंतर यांच्या विस्तारात कोणत्याही स्पेस ऑपेराच्या पुढे जातो.

मराठीतील स्थिती

मराठीत हा प्रकार रुजलेला नाही. आधुनिक मराठी विज्ञानकथेची वाढ विज्ञानप्रसाराच्या चळवळीसोबत झाली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला प्रथम पारितोषिक मिळाले, ही घटना या संदर्भात नेहमी सांगितली जाते. नारळीकर हे व्यवसायाने विश्वरचनाशास्त्रज्ञ असूनही त्यांच्या कथाविश्वात दीर्घिकाव्यापी साम्राज्ये नाहीत. 'वामन परत न आला' ही त्यांची कादंबरी पृथ्वीवरच, उत्खननात सापडलेल्या एका अवशेषाभोवती फिरते. अंतरे किती मोठी आहेत हे नेमके ठाऊक असलेल्या लेखकाने ती सहज ओलांडली नाहीत, यात आश्चर्य नाही. शिवाय मराठी विज्ञानकथेचे मुख्य व्यासपीठ मासिके आणि दिवाळी अंक हे राहिले. तेथे लघुकथा शोभते. पाच-सात खंडांची मालिका तेथे मावत नाही.

अनुवादांच्या बाबतीत एक विशिष्ट भाषिक अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. 'अॅन्सिलरी जस्टिस' मधील राड्च लोकांच्या भाषेत लिंगभेद नाही, म्हणून निवेदक इंग्रजीत सर्वांनाच स्त्रीवाचक सर्वनाम लावते आणि पात्र स्त्री की पुरुष हे वाचकाला बहुधा कळत नाही. इंग्रजीत हा भार सर्वनामापुरता आहे. मराठीत 'ती' लिहिल्यावर 'आली', 'थकलेली', 'उंच होती' असे क्रियापद आणि विशेषणही त्याच लिंगात चालवावे लागते. प्रथमपुरुषी निवेदकही 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटल्याशिवाय भूतकाळात एक पाऊल टाकू शकत नाही. मूळ कादंबरीतील संदिग्धता मराठीत ठेवायची, तर अनुवादकाला 'मी जात असे' यांसारख्या लिंगनिरपेक्ष रूपांचा आणि 'मला दिसले', 'माझ्या लक्षात आले' अशा रचनांचा आधार घेत संपूर्ण कादंबरी बांधावी लागेल.